भिंतीवरचे लिखाण : आधी पंचनामा, मग चुना

एप्रिल उजाडला की यवतमाळच्या पाटीपुऱ्यात आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीत भिंतींना चुना लागतो. घरोघरी वर्गणी गोळा होते, पेंटरला आगाऊ पैसे जातात आणि विहाराच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ पुन्हा ठसठशीत होते. १४ तारखेपर्यंत ही भिंत सगळ्या वस्तीची असते. जयंती झाली की तिच्याकडे कुणी पाहत नाही. मग तिच्यावर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात येते, शिकवणी वर्गाचा फोन नंबर येतो, कुण्या पोराने कुण्या पोरीचे नाव लिहिलेले असते आणि एखाद्या सकाळी असेही काही लिहिलेले सापडते, की ते वाचून वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया रडतात आणि तरुण पोरे दगड शोधू लागतात.

या शेवटच्या सकाळी नेमके काय करायचे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांसमोर ठेवत आहोत. भिंतीवरच्या दोन ओळींचा प्रश्न म्हणून तो सोडून देता येत नाही. त्या दोन ओळींपायी आमच्या पोरांची आयुष्ये कोर्टाच्या व्हरांड्यात गेलेली आम्ही रोज पाहतो.

भिंत आमच्यासाठी एवढी मोलाची का?

ज्यांच्या हातात हजारो वर्षे लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्यासाठी लिहिलेली भिंत ही शोभेची वस्तू नसते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. पण वऱ्हाडातल्या किती घरांत वर्तमानपत्र विकत घेण्याची ऐपत होती? वस्तीतला एक शिकलेला पोरगा ते वाचून दाखवी आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट कोळशाने किंवा गेरूने भिंतीवर लिही. गरिबांचे वर्तमानपत्र म्हणजे भिंतच होती. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द समाजात रूढ केला तो कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. ते १९३९ साली गेले, पण त्यांचा शब्द विदर्भातल्या दारादारांवर आजही आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी छापखाना नव्हता, भिंती होत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत ज्या घोषणांनी ही मागणी जिवंत ठेवली, त्यातल्या कितीतरी भिंतींवरच लिहिलेल्या होत्या.

आणखी मागे जायचे तर दूर जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा अशोककालीन लेख आहे. त्याच शिळेवर काही शतकांनंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचाही लेख कोरला गेला. म्हणजे एकच दगड, पण आधी एकाचे अक्षर आणि नंतर दुसऱ्याचे. भिंतीवर शेवटचे अक्षर कुणाचे राहणार, ही लढाई या मातीत फार जुनी आहे.

म्हणूनच आमच्या भिंतीवर रात्री घाण लिहिणाऱ्याला तो काय करतो आहे हे पक्के ठाऊक असते. त्याला चुन्याच्या त्या भिंतीशी काही देणेघेणे नसते. त्या अक्षरांनी ज्यांना माणूस म्हणून उभे केले, त्यांना त्यांची ‘जागा’ दाखवायची असते. आणि त्याचा दुसरा हेतू याहून घातक असतो. तो आमच्या पोरांना रस्त्यावर बोलावत असतो.

सापळा कसा लागतो?

११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक संतापून रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि १० माणसे गेली. गोळीबाराच्या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. म्हणजे बारा वर्षे!

१० डिसेंबर २०२४. परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि मग पोलीस वस्त्यांत शिरले. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै २०२५ रोजी तिथेही तो आदेश कायम राहिला. प्रतिकृतीची काच एका क्षणात फुटली. पण एका आईला मुलाच्या मृत्यूचा नुसता गुन्हा नोंदवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले.

संताप चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याला अशा वेळी संताप येत नाही, त्याला बाबासाहेब कळलेच नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की विटंबना करणारा एक आणि कोठडीत जाणारे आमचे पन्नास, हा हिशेब किती वर्षे चालू द्यायचा?

कायदा इथे कसा चालतो ते आमच्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. जमाव बेकायदेशीर ठरला, की एकाने मारलेला दगड त्या जमावातल्या प्रत्येकाच्या नावावर चढू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० चा अर्थ हा आहे. जुन्या दंडसंहितेतले हेच ते कलम १४९. त्यावर दंगलीचे कलम १९१, सरकारी नोकरावर हल्ल्याचे कलम १३२ आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा, अशी चार कलमे एका सकाळी लागतात आणि दहा-दहा वर्षे सुटत नाहीत. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा पोरगा, तलाठी परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी, यांच्या चारित्र्य पडताळणीत हा खटला उभा राहतो. तो लपवावा म्हटले तर तीही सोय नाही. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे, की पडताळणी अर्जात खटल्याची माहिती खरी द्यावीच लागते आणि ती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची घोषणा मंत्री सभेत करतात, टाळ्या पडतात. पण खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाचा अर्ज लागतो, न्यायालयाची संमती लागते आणि तोवर पोराचे भरतीचे वय निघून जाते.

शिवी लिहिणाऱ्याला दुसरे काय हवे असते?

कायदा आमच्या बाजूने काय देतो?

भिंत विद्रूप करण्याबाबत महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बाबासाहेबांबद्दल किंवा जातीवरून घाण लिहिले गेले, तरी बहुतेक वेळा ठाणेदार याच कायद्यावर बोट ठेवतो आणि आमची माणसे ‘गुन्हा तर घेतला’ म्हणून समाधानाने घरी येतात. इथेच फसगत होते. मूळव्याधीची जाहिरात लिहिणारा आणि बाबासाहेबांची विटंबना करणारा यांना एकाच मापाने मोजणे हा कायद्याचा अवमान आहे.

अशा लिखाणाला लागू होतो तो १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा, म्हणजेच ॲट्रॉसिटी ॲक्ट. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात तीन तरतुदी स्पष्टपणे आल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून त्या अमलात आहेत. कलम ३(१)(टी) : अनुसूचित जाती-जमातींना पवित्र किंवा अत्यंत आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस वा विटंबना. यात पुतळा, छायाचित्र आणि तसबीर यांचा उल्लेख कायद्यानेच केला आहे. कलम ३(१)(यू) : लेखी वा तोंडी शब्दांनी, खुणांनी या समाजांविरुद्ध द्वेष पसरवणे. कलम ३(१)(व्ही) : या समाजांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा अन्य मार्गाने अनादर करणे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. गोंड, कोलाम, परधान बांधवांच्या पाड्यावर बिरसा मुंडांबद्दल कुणी असे लिहिले तर त्यांनाही हेच संरक्षण आहे. झरी जामणी, केळापूर, मारेगाव भागातल्या कार्यकर्त्यांनी हे त्यांच्यापर्यंत पोचवले पाहिजे.

विहाराची किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रार्थनास्थळाची विटंबना झाली तर न्याय संहितेची कलमे १९६, २९८ आणि २९९ पाहावी लागतात. आणि भिंतीवर संविधानाची उद्देशिका रंगवलेली असेल, तिच्यावर कुणी डांबर फासले असेल, तर राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा, १९७१ याकडेही ठाण्यातल्या अधिकाऱ्याचे लक्ष वेधावे. सार्वजनिक ठिकाणी संविधान किंवा त्याचा कोणताही भाग विद्रूप करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

‘आधी चौकशी करू, मग गुन्हा घेऊ,’ असे उत्तर ठाण्यात मिळते. ते बेकायदा आहे. २० मार्च २०१८ च्या निकालाने ॲट्रॉसिटीत प्राथमिक चौकशीची पाचर मारली गेली होती. त्याविरुद्ध २ एप्रिलला देशभर बंद झाला आणि त्याच वर्षी संसदेने कलम १८-ए आणून ती पाचर काढली. १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्या बंदमध्ये ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या बळावर आलेले हे कलम ठाण्यात उच्चारायलाही आमची माणसे कचरत असतील, तर दोष कुणाचा?

पहिल्या तीन तासांत काय करावे?

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणची गोष्ट आमच्या पाहण्यातली आहे, गावाचे नाव सांगत नाही. विहाराच्या भिंतीवर कोळशाने जातीवाचक शिवी लिहिली होती. चीड आली म्हणून पोरांनी बादलीभर पाणी आणून भिंत घासून काढली आणि मग दोनशे माणसे ठाण्यावर गेली. अधिकाऱ्याने विचारले, ‘कुठे लिहिले आहे, दाखवा.’ दाखवायला काही उरले नव्हते. तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली गेली आणि ठाण्यासमोर घोषणा दिल्या म्हणून गुन्हा मात्र आमच्याच पोरांवर दाखल झाला.

म्हणून सांगतो, त्या सकाळी क्रम असा ठेवा.

पहिली गोष्ट, लिखाणाला हात लावू नका. लोकांना ते वाचावे लागू नये म्हणून समोर दोन बांबू रोवून चादर किंवा ताडपत्री बांधा, पण ती भिंतीला घासू देऊ नका. खाली पडलेला कोळसा, रंगाचा डबा, ब्रश, पावलांचे ठसे जिथल्या तिथे राहू द्या. दोन जबाबदार माणसे तिथे बसवा. महिला मंडळाच्या बाया बसल्या तर फारच चांगले, त्या असल्या की गर्दी बेताल होत नाही.

दुसरी गोष्ट, फोटो घ्या, पण तो पोलिसांसाठी. एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे भिंत कुठली ते शेजारच्या खांबावरून, पाटीवरून कळेल. ज्या मोबाइलने फोटो काढला तो जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तो फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. शिवी लिहिणाऱ्याला दोनशे माणसांनी वाचावी असे वाटत होते, तुम्ही ती वीस हजार माणसांपर्यंत फुकट पोचवून देता.

तिसरी गोष्ट, तक्रार लेखी द्या आणि तक्रारदार विचारपूर्वक निवडा. ज्याच्यापाशी अनुसूचित जातीचे वैध प्रमाणपत्र आहे तो पुढे असावा. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीचा हक्क मिळाला आहे. जात आणि बौद्ध धर्म या दोन्ही नोंदी कागदावर नीट आहेत का, ते आजच पाहून ठेवा, घटनेच्या दिवशी नको. आरोपी माहीत नसेल तर ‘अनोळखी इसम’ असे लिहा. संशयावरून कुणाचेही नाव घालू नका. खोटे नाव घातले की खरी तक्रारही बुडते. आणि लिहिणारा आपल्यातलाच निघाला तर ॲट्रॉसिटी लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चौथी गोष्ट, समोरच्या दुकानाचा कॅमेरा. त्याचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते ताब्यात घ्या, अशी मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा आणि पोच घ्या. संशयित सापडल्यावर त्याच्या हस्ताक्षराचा नमुना घेण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ प्रमाणे देऊ शकतात. कोळशाचे अक्षरही साक्ष देते, पण ते भिंतीवर शिल्लक असले तर!

पाचवी गोष्ट, प्रथम खबरीची प्रत मोफत मिळण्याचा तुमचा हक्क आहे, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. गुन्हा घेत नसतील तर तक्रार डाकेने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायालयात या. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो आणि आरोपपत्र ६० दिवसांत जायला हवे. जो लोकसेवक हे कर्तव्य जाणूनबुजून टाळतो, त्याच्यासाठी कलम ४ आहे.

हे सगळे झाले, पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या झाल्या, की मग चुन्याची बादली आणा आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, ती भिंत पांढरी करा. दुसऱ्या सकाळी त्याच जागी निळे अक्षर दिसले पाहिजे. कोळसा आणि तेलकट रंग नुसत्या चुन्यातून वर येतात, म्हणून आधी खरवडून मग हात द्या. पुतळा किंवा दगडी शिल्प असेल तर थिनर, घासणी यांना हात लावू नका. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

मुलींच्या नावाचे काय?

इथवर लिहिले ते वाचून आमचे बरेच तरुण माना डोलावतील. पुढचे वाचताना किती डोलावतील ते पाहायचे आहे.

कॉलेजच्या वाटेवरच्या भिंतींवर, बसथांब्यावर, सार्वजनिक संडासात मुलींची नावे लिहिली जातात. ही नावे काही बाहेरून येणारे जातीयवादीच लिहितात असे नाही. आपल्याच वस्तीतली पोरे लिहितात, ज्यांच्या मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो असतो. भिंतीवर मुलीचे नाव आले की घरात वादळ उठते आणि कॉलेज बंद होते ते मुलीचे, लिहिणाऱ्याचे नाही. सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलून ज्या मुलींना शाळेत बसवले, त्यांना एका कोळशाच्या रेघेने घरी बसवायचे, ही कसली आंबेडकरी चळवळ? स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणारा शब्द हा न्याय संहितेच्या कलम ७९ चा गुन्हा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोचाही विचार होतो. अशा वेळी वस्तीने मुलीच्या बापाला ‘पोरीला सांभाळ’ असे सांगायला जाऊ नये. पोराच्या बापाला विहारात बोलवावे.

आपल्या ब्रशलाही नियम हवा

गटबाजीबद्दलही बोलले पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. त्याचे पुढे किती तुकडे झाले ते मोजायला वस्तीची एक लांब भिंत पुरत नाही. एका गटाने नाव लिहायचे, दुसऱ्याने त्यावर डांबर फासायचे, तिसऱ्याने त्या डांबरावर आपल्या नेत्याच्या वाढदिवसाचे पोस्टर चिकटवायचे. आमचेच अक्षर आम्हीच पुसतो, मग बाहेरच्याने पुसले तर कोणत्या तोंडाने बोलायचे?

दुसऱ्यांच्या भिंतीबद्दलही आमची भूमिका स्वच्छ हवी. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ब्राह्मण आणि बनियांना धमकावणाऱ्या ओळी भिंतींवर उमटल्या. त्या कुणी लिहिल्या यावर वाद झाला. कुणीही लिहिल्या असोत, ते बाबासाहेबांचे अक्षर नव्हे. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीला शत्रू म्हटले, तेव्हाच खुलासाही केला, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कोणत्याही जातीच्या माणसात असू शकते. माणसांना हाकलून देण्याची भाषा आम्हाला शोभत नाही. जो नियम आम्ही दुसऱ्याला लावतो, तो आधी आमच्या ब्रशला लागला पाहिजे.

लेण्यांच्या सहलींनाही हे लागू आहे. वणी, मारेगावकडून कितीतरी गाड्या भद्रावतीच्या विजासन लेणीला जातात, दिवाळीच्या सुटीत अजिंठ्याला जातात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव कोरून ठेवले आहे. दोनशे वर्षे उलटली, तो ओरखडा तसाच आहे. बुद्धाच्या भिंतीवर आपले नाव कोरणारा पोरगा त्या साहेबाच्याच पंक्तीला बसतो. शिवाय संरक्षित स्मारकाला इजा केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

भिंत मोकळी सोडू नका

आता कायमच्या उपायाचे. अमेरिकेत फिलाडेल्फिया हे शहर भिंतीवर रंगाने नावे लिहिणाऱ्या तरुणांसाठी १९६० च्या दशकापासून गाजलेले. १९८४ साली विल्सन गूड हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्यांनी भिंती खराब करणाऱ्या पोरांना नुसते पकडून कोठडीत घातले नाही. त्यांच्या हातून भिंती साफ करून घेतल्या आणि चित्रकार जेन गोल्डन यांच्या हाताखाली त्याच पोरांकडून मोठमोठी भित्तिचित्रे काढून घेतली. ज्या हाताने भिंत बिघडली तोच हात तिची राखण करू लागला. ते काम पुढे वाढत गेले आणि त्या शहराची ती ओळख झाली.

आपल्याकडे यासाठी अमेरिकेचा खजिना लागत नाही. प्रत्येक विहाराने एक भिंत समिती करावी. पाच माणसे पुरेत : दोन बाया, दोन तरुण आणि एक पेन्शनर गुरुजी. समितीने वस्तीतल्या दर्शनी भिंती मोजाव्यात, घरमालकाची लेखी संमती घ्यावी, सरकारी भिंत असेल तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करावा. ज्या कोपऱ्यात रस्त्यावरचा दिवा बंद असतो तिथेच रात्री हात चालतो, म्हणून दिव्यासाठीही अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर असा भोवतालचा भाग नगरपरिषदेच्या हद्दीत आला आहे, तिथल्या नव्या वस्त्यांना दिवे मागण्याचा हक्क जुन्या शहराइतकाच आहे. विहारात नेहमीच्या निळ्या आणि पांढऱ्या रंगाचा एक-एक डबा कायम असावा, म्हणजे पंचनामा झाला की वर्गणीची वाट पाहावी लागणार नाही.

आणि ब्रश कुणाच्या हाती द्यायचा? ज्या पोराने भिंत खराब केली असा वस्तीला संशय आहे, त्याच्याच. चित्रकलेत हात चांगला असलेली पोरगी असेल तर आधी तिच्या.

त्या भिंतीवर काय लिहायचे तेही ठरवावे. नुसती नावे आणि घोषणा नकोत. एक भाग वार्ताफलकाचा ठेवावा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, वसतिगृहाचे प्रवेश, जात पडताळणीला लागणारे कागद, रोजगार हमीचा मजुरीचा दर, कापसाच्या हमीभावाची नोंदणी कधी सुरू होते, हे तिथे मोठ्या अक्षरात लिहावे. दर सोमवारी ते बदलावे. कापूस आणि कर्ज यांनी पिचलेल्या या जिल्ह्यात असे एक वाक्य वेळेवर वाचल्याने एखाद्या घराचे वर्ष वाचू शकते. लोक ज्या भिंतीवर रोज काही वाचायला येतात, ती भिंत रात्रीही एकटी नसते. तिच्यावर घाण लिहायला येणाऱ्याला ती कुणाची आहे हे ठाऊक असते.

बुद्धांना शिव्या देण्यासाठी एक ब्राह्मण राजगृहाला आला होता, ती कथा विहारात अनेकांनी ऐकली असेल. बुद्धांनी त्याला विचारले, पाहुण्याने जेवण स्वीकारले नाही तर ते कुणाकडे राहते? तो म्हणाला, माझ्याकडेच. तसेच तुझ्या शिव्यांचे, असे बुद्धांनी त्याला सांगितले. भिंतीवरची शिवीही आम्ही स्वीकारायची नाही. दगड उचलणे म्हणजे ती स्वीकारणे. पण आम्ही बाबासाहेबांचीही लेकरे आहोत, म्हणून ती शिवी नुसती परत करून थांबायचे नाही. तिचा पंचनामा करायचा, तिला पुराव्याचा क्रमांक लावायचा आणि ती लिहिणाऱ्याच्या नावासह विशेष न्यायालयात वाचून दाखवायची.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे जास्त बसा. भिंत समितीची पाच नावे लिहा, त्यांचे फोन नंबर विहाराच्या फळ्यावर टाका, तक्रारीचा एक कोरा नमुना कपाटात ठेवा आणि पुढच्या एप्रिलची वाट न पाहता दोन रंगांचे डबे आणा. जय भीम!